नामवंतांच्या नावाचा माल : दुकानदाराने आधी काय पाहावे?

पूर्वी एजंट दुकानात आला की पिशवीतून नमुना काढीत असे. आता तो खिशातून मोबाइल काढतो व प्रथम एखाद्या सिनेनटाचा अथवा नटीचा व्हिडिओ दाखवितो. नमुना त्यानंतर निघतो. चेहऱ्याची क्रीम, केसांचे तेल, अश्वगंधाची गोळी, झोपेसाठी गमी, त्वचेसाठी कोलॅजनची भुकटी, या सर्व मालाला मिळून आजकाल ‘वेलनेस’ म्हणतात आणि त्यातील बऱ्याच मालावर कारखानदाराच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत कोणा प्रसिद्ध व्यक्तीचे नाव असते. पूर्वी ही मंडळी दुसऱ्याच्या साबणाची जाहिरात करून, पैसे घेऊन मोकळी होत. आता ती स्वतःच मालक अथवा भागीदार होऊन बाजारात उतरली आहेत.

आमचा धंदा कापडाचा. क्रीम व तेलाशी आमचा तसा संबंध येत नाही. परंतु दिवाळीनंतरच्या मंदीत एक दिवस धुळ्याहून आमच्या भाच्याचा फोन आला. पाचकंदील भागात त्याचे कॉस्मेटिक, अत्तर व मेंदीचे लहानसे दुकान आहे. म्हणाला, “मामू, पूर्ण धुळे शहराची एजन्सी मिळते आहे. नाव फार मोठे आहे. सही करण्याआधी तुम्ही एकदा येऊन कागद पाहा.”

एका नामवंत नटाच्या नावाने निघालेला तो माल होता. एक लाख रुपये अनामत आणि सुमारे तीन लाखांचा पहिला माल, असे चार लाख भरावयाचे होते. रक्कम भाच्याची नव्हती, त्याच्या आईची म्हणजे आमच्या आपाची होती. मेहुणे वारल्यानंतर आपाने शिवणकाम करून, भिशी लावून ती हजसाठी जमविली होती. भाच्याचे म्हणणे असे की वर्षभरात रक्कम दीडपट होईल, मग आई हजला जाईल आणि सोबत मीही जाईन. त्याची नियत चांगलीच होती. पण चांगल्या नियतीने केलेली बेरीजही चुकू शकते, म्हणून आम्ही जाण्याचे ठरविले. जाण्यापूर्वी व नंतर आम्ही या धंद्याची जी माहिती गोळा केली ती येथे देत आहोत. अशी एजन्सी आज धुळ्यात आली तर उद्या ती भुसावळ, चोपडा, नंदुरबार येथील आमच्या बांधवांच्या दारातही येणार आहे.

मोठ्या नावांचे हिशेब

या धंद्यातील फार मोठ्या नावापासूनच सुरुवात करू. नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिनेत्री दीपिका पदुकोण यांनी ‘एटी टू ईस्ट’ या नावाने त्वचेच्या निगेचा माल आणला. नाव आपल्या देशातून जाणाऱ्या रेखांशावरून घेतलेले. सुरुवातीच्या दोन वस्तूंपैकी अश्वगंधाची क्रीम २,७०० रुपयांना व उन्हापासून बचाव करणारी दुसरी १,८०० रुपयांना होती. जगभर ओळखला जाणारा चेहरा, मोबाइलवर कोट्यवधी चाहते, भांडवलाचीही अडचण नाही. तरी मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीची कमाई सुमारे २१ कोटी रुपये आणि तोटा सुमारे २३ कोटी रुपये झाला. पुढील वर्षी खर्चाला मोठी कात्री लावण्यात आली. तोटा निम्म्यावर, म्हणजे १२ कोटींच्या आसपास आला, परंतु कमाईही घटून १५ कोटींच्या आत आली.

एक रुपयाचा माल विकावयाचा आणि रुपयाहून अधिक गमवावयाचा, असा हिशेब जळगावच्या फुले मार्केटमधील कोणा दुकानदाराने चोपडीत लिहिला तर दुसऱ्या ईदपर्यंत त्याचे शटर खाली येईल. मोठ्या कंपन्यांना असा तोटा काही वर्षे सोसता येतो, कारण त्यामागे गुंतवणूकदारांचे पैसे असतात. आमच्या मागे बायकोचे दागिने असतात.

असे का होते? आम्हांला तरी याचे मूळ सिनेमा आणि क्रीम यांच्या धंद्यातील फरकात दिसते. सिनेमाचे तिकीट एकदा घ्यावयाचे असते. शंभर-दोनशे रुपये गेले, पसंत पडला तर ठीक, नाही पडला तरी मनुष्य घरी जाऊन विसरतो. त्यामुळे कोट्यवधी लोक केवळ चेहरा पाहून येतात. क्रीमची बरणी दीड-दोन महिन्यांत संपते आणि मग गिऱ्हाईक आरशात पाहून विचार करते की पुन्हा घ्यावी काय. त्या वेळी तेथे नटी नसते, फक्त क्रीम असते. शिवाय सिनेमा पाहणारे कोट्यवधी असले तरी २,७०० रुपयांची क्रीम घेणारे किती? ज्याला ती परवडते त्याच्यापुढे फ्रान्स, जपान, कोरियाच्या जुन्या कंपन्यांचा माल मांडलेला आहे. ज्याला परवडत नाही तो शंभर रुपयांची ट्यूब घेतो व समाधानी असतो. या दोघांच्या मध्ये जी अरुंद गल्ली उरते तीत आज डझनभर नामवंत गर्दी करून उभे आहेत.

सर्वच बुडतात असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कतरिना कैफ यांचा ‘के ब्यूटी’ हा सौंदर्यप्रसाधनांचा माल ऑक्टोबर २०१९ मध्ये निघाला आणि टिकला. त्यात ‘नायका’ ही कंपनी पहिल्या दिवसापासून भागीदार आहे, जिचा धंदाच प्रसाधने विकण्याचा. मांडावयास फळी व आणावयास गिऱ्हाईक तिच्याकडे आधीच होते. हृतिक रोशन यांच्या ‘एचआरएक्स’चेही असेच. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कपड्यांत २०१६ साली ‘मिंत्रा’ने ५१ टक्के हिस्सा घेतला. एचआरएक्सचा टी-शर्ट आम्ही स्वतः हातात घेऊन, उलटा करून, शिवण ओढून पाहिला आहे. भावाच्या मानाने माल चांगला आहे. घेणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ही तीन-चार अक्षरे कोणाची आहेत हे ठाऊकही नसते, आणि आमच्या मते धंद्याच्या दृष्टीने हीच त्याची मजबुती आहे.

आमचा स्वतःचा एक फटका

येथे एक गोष्ट कबूल करावयास हवी. भाच्याला शहाणपण सांगावयास गेलेले हे मामू स्वतः एकदा याच वाटेने जाऊन आले आहेत. काही वर्षांपूर्वी एका नटाच्या नावाचे टी-शर्ट आम्ही घेतले. कंपनीचे नाव लिहीत नाही. ६०० नग, खरेदी ४८० रुपये, छापील किंमत ९९९. परत घेणार नाही ही अट बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत होती आणि आम्ही ती वाचली नाही. आमची शाळा उर्दूची, इंग्रजी बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा, हे कारण आम्ही बरीच वर्षे स्वतःला सांगितले. खरे कारण असे की भिंतीवर लावावयास नटाचे सहा फुटी चित्र फुकट मिळाले होते आणि आम्ही त्यावरच खूश झालो.

रमजान ईदला अडीचशे नग गेले. आम्ही आणखी माल मागविण्याच्या विचारात होतो. इतक्यात मेहरूणचा एक मुलगा दुकानात आला, शर्ट अंगाला लावून पाहिला आणि मोबाइल पुढे केला. “चाचा, यात तर ३९९ ला आहे.” आमची खरेदीच ४८० ची! कंपनीने आपला शिल्लक माल मोबाइलवरच्या बाजारात फुंकून टाकला होता, आम्हांला न कळविता. फोन केला तर उत्तर मिळाले की ऑनलाइन विभाग वेगळा आहे. त्याच सुमारास त्या नटाचा एक मोठा चित्रपट पडला. चित्रपट पडल्याने शर्टाचे सूत विरत नाही, पण मुले हात लावीनाशी झाली. उरलेले ३५० नग शेवटी आम्ही २५० रुपयांनी आठवडे बाजार करणाऱ्या फेरीवाल्यांना दिले. हिशेब करणाऱ्यांसाठी सांगतो, नगामागे २३० प्रमाणे ८०,५०० रुपये गेले. चित्र मात्र अजून माळ्यावर आहे.

शर्ट निदान २५० ला तरी गेला. मुदत संपलेली क्रीम कोणी अडीच रुपयांनाही घेत नाही, आणि विकली तर तो गुन्हा आहे. कापडवाला आणि क्रीमवाला यांच्यात हा फार मोठा फरक आहे. आमचे ठाण दहा वर्षे पडून राहिले तरी ठाणच राहते.

शोहरत आणि एतबार

उर्दूत शोहरत व एतबार असे दोन शब्द आहेत. शोहरत म्हणजे लोक तुम्हांला ओळखतात, एतबार म्हणजे लोक तुमच्यावर विसंबतात. मराठीत व्यापारी एतबाराला पत किंवा साख म्हणतो. नामवंतांच्या मालाची सारी अडचण अशी की त्यांच्याजवळ शोहरत भरपूर असते व ती उधार देऊन एतबार मिळेल असे त्यांना वाटते. पहिल्या खरेदीपुरती ती चालते. दुसरी खरेदी मालाच्या एतबारावर होते.

याचे उदाहरण शोधावयास खान्देशाबाहेर जाण्याची गरज नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे डिसेंबर १९४५ मध्ये मुहम्मद हाशिम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. या भागात भुईमूग होत असे, त्याचे तेल काढून ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप बनत असे आणि तेलातून जे उरे त्यातून ‘७८७’ नावाचा धुण्याचा साबण. आमच्या वडिलांच्या पिढीला तो साबण ठाऊक होता. हाशिम प्रेमजी कसे दिसत, हे अमळनेरच्या बाहेर किती लोकांना ठाऊक होते? १९६६ मध्ये ते वारले आणि अमेरिकेत शिकत असलेला २१ वर्षांचा मुलगा अझीम परत आला. पुढे तीच कंपनी विप्रो झाली. १९८० च्या दशकात तिने हळद व चंदनाचा ‘संतूर’ साबण काढला. आजच्या भाषेत तोही वेलनेसच म्हणावयाचा, फक्त त्या वेळी कोणी तसे म्हटले नाही. संतूरच्या जाहिरातीत नट पुढे आले, पण ते मजुरी घेऊन आलेले पाहुणे. एक गेला, दुसरा आला. साबण कोणा एकाच्या नावाचा नसल्याने कोणाच्या जाण्याने त्याचे अडले नाही. अमळनेरात ज्या कुटुंबांनी त्या काळी या कंपनीचे चार शेअर घेऊन पेटीत ठेवले त्यांचे पुढे काय झाले, हे खान्देशात सर्वांना माहीत आहे.

दुसरे उदाहरण हमदर्दचे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये जुन्या दिल्लीत दवाखाना काढला व पुढच्याच वर्षी उन्हाळ्यावर उतारा म्हणून रूह अफजा तयार केले. १९२२ मध्ये हकीमसाहेब ऐन उमेदीत वारले. मुले लहान. त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी काम सांभाळले. देशाची फाळणी झाली, धाकटे चिरंजीव हकीम मुहम्मद सईद कराचीला गेले व तेथे त्यांनी वेगळे हमदर्द उभे केले. थोरले हकीम अब्दुल हमीद दिल्लीत राहिले आणि १९४८ मध्ये त्यांनी येथील संस्था वक्फ केली. संस्थापकाचा मृत्यू, घराची वाटणी, देशाची वाटणी, इतके होऊनही बाटली तीच राहिली. आता अशी कल्पना करा की त्या बाटलीवर लेबलाऐवजी कोणा गाजलेल्या कलावंताचा फोटो असता. १९२२ मध्येच दुकान बंद झाले असते.

मालकाची जीभ मालाबरोबर जाते

प्रसिद्धीच्या बळावर खरोखर मोठा झालेला आपल्या देशातील वेलनेसचा धंदा म्हणजे पतंजली. बाबा रामदेव टीव्हीवर योगासने शिकवीत घराघरांत पोहोचले व २००६ मध्ये ही कंपनी निघाली. २०१६-१७ या वर्षाची उलाढाल १०,५६१ कोटी रुपये असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. व्यापारी म्हणून पाहिले तर यात केवळ प्रसिद्धी नव्हती. तूप, टूथपेस्ट, मध अशा रोज लागणाऱ्या वस्तू होत्या, भाव बऱ्याचदा मोठ्या कंपन्यांहून कमी होता आणि गल्लोगल्ली दुकाने होती. जे चांगले केले ते चांगले म्हटलेच पाहिजे.

परंतु जेथे मालक हाच जाहिरात असतो तेथे त्याचा प्रत्येक शब्द मालाच्या खात्यात जमा अथवा नावे पडतो. रोग बरे करण्याच्या दाव्यांबद्दल इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ मध्ये बाबा रामदेव व आचार्य बाळकृष्ण यांना न्यायालयात हजर राहून माफी मागावी लागली, वर्तमानपत्रांत माफीनामा छापावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटविण्यात आले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये आपल्या गुलाब सरबताचा प्रचार करताना रूह अफजाविषयी जे बोलले गेले ते येथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही, वाचकांना ते आठवत असेलच. हमदर्द दिल्ली उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने अत्यंत कडक शब्दांत नापसंती दर्शविली आणि ते व्हिडिओ काढून घेण्याचे मान्य करावे लागले. हमदर्दने त्या प्रकरणात रस्त्यावर आरडाओरड केली नाही, वकील उभा केला. हे आम्हांला आवडले.

परदेशातही हेच चालले आहे. अमेरिकेत अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो यांच्या ‘गूप’ कंपनीला काही वस्तूंचे आरोग्यविषयक दावे शास्त्राच्या आधाराविना केल्याच्या तक्रारीवरून २०१८ मध्ये १,४५,००० डॉलर भरून तडजोड करावी लागली. जेसिका अल्बा या अभिनेत्रीने ‘ऑनेस्ट’, म्हणजे प्रामाणिक, याच नावाची कंपनी काढली. २०१६ मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने तिच्या धुण्याच्या साबणाची तपासणी करवून जो घटक नसल्याचे कंपनी सांगत होती तोच त्यात असल्याचे छापले. कंपनीने आरोप नाकारला, परंतु नंतर दाव्यांत तडजोडीचे पैसे मोजले. मे २०२१ मध्ये तिचा शेअर १६ डॉलरला विकला गेला, पुढील वर्षी तो चार डॉलरच्याही खाली होता. दुसऱ्या कोणत्याही कंपनीत असे निघाले असते तर चार दिवस बातमी चालली असती. नावच प्रामाणिक ठेवले म्हटल्यावर लोक अधिक बारकाईने पाहतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घातला व आत ओल लागली, ही घटना आमच्या प्रत्येक व्यापाऱ्याने मकतबमध्ये ऐकलेली आहे. आजच्या मालात ढिगाचा वरचा थर म्हणजे नटाचा फोटो. हात आत घालण्याचे काम दुकानदाराचे.

कायद्यानेही ते त्याच्यावर टाकले आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादक व जाहिरात करणारी प्रसिद्ध व्यक्ती यांना दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्या व्यक्तीला जाहिराती करण्यास एक वर्षाची, पुढे तीन वर्षांची बंदी येऊ शकते. हे झाले मोठ्यांचे. पण १९५४ चा जो औषधे व जादूचे उपाय यांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे तो अशा जाहिरातीत कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो. मधुमेह, लठ्ठपणा, उंची वाढविणे अशा ५४ बाबींची यादीच त्यात आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेव्हा ‘शुगर मुळापासून घालवा’ असा कंपनीने दिलेला बोर्ड आपल्या दुकानावर टांगणाऱ्या बांधवाने समजून असावे की दोरी त्याने स्वतःच्या हाताने बांधली आहे.

धुळ्यातील दुपार

जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करीत आम्ही धुळ्यास पोहोचलो. भाच्याच्या दुकानात एजंट आधीच येऊन बसला होता. तरुण, नम्र व चहा न घेणारा. त्याने कागद पसरले. क्रीमची छापील किंमत ९०० रुपये, भाच्याला ७२० ला पडणार. पहिल्या खेपेला ४०० बरण्या घेणे सक्तीचे, म्हणजे २,८८,००० रुपये. बरणीमागे १८० सुटणार. चारशे बरण्यांचे ७२,००० होतात आणि खेप वर्षातून दोन-तीनदा फिरेल, असे त्याचे गणित. भाच्याच्या चेहऱ्यावर ते ७२,००० स्पष्ट दिसत होते.

आम्ही बरणी उलटी केली. मुदत बनविल्यापासून अठरा महिने. बनवून पाच महिने झालेले. राहिले तेरा. चारशे बरण्या तेरा महिन्यांत विकावयाच्या तर महिन्याला तीस-एकतीस, म्हणजे रोज एक. भाच्याला म्हटले, “तुझी वही काढ. पाचशे रुपयांवरील क्रीम गेल्या महिन्यात किती विकल्या?” मुलगा वही चांगली ठेवतो, हे आपाचे वळण. मोजल्या. सात.

महिन्याला सात म्हणजे तेरा महिन्यांत ९१. नफा १६,३८०. उरल्या ३०९ बरण्या, त्यांची खरेदी २,२२,४८०. दुकानात काही वेळ कोणी बोलले नाही. मग एजंट म्हणाला की देवपूर, साक्री रोडच्या दुकानांना ठोकीने द्या. आम्ही विचारले, ते रोख घेतील का? उधारीवर घेतील, आणि मुदत संपत आली की परत आणतील. कंपनी परत घेईल का? एजंट म्हणाला, “पॉलिसी येणार आहे.” मोबाइलवरच्या बाजारात ही बरणी कितीला आहे, हे भाच्याने आमच्यासमोरच पाहिले. त्या दिवशी ६३० ला होती.

पुढचे प्रश्न आता भाचाच विचारू लागला, हे पाहून आम्हांला बरे वाटले. लेबलावर नटाचे नाव व मुंबईचा पत्ता होता. बनविणारा कारखाना मात्र हिमाचल प्रदेशातील बद्दीचा. यात गैर काही नाही, तेथे अशी पुष्कळ कामे बाहेरच्या ऑर्डरवर होतात. पण तोच कारखाना तसलाच माल दुसऱ्या नावानेही बनवीत असेल तर या बरणीत वेगळे काय, केवळ चेहरा? केसांच्या तेलावर दरपत्रकात अजून १८ टक्के जीएसटी छापलेला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचे तेल, शाम्पू, साबणाची वडी ५ टक्क्यांत आली आहेत, चेहऱ्याची क्रीम १८ मध्येच आहे. एवढी साधी गोष्ट ज्या कंपनीने दोन महिन्यांत सुधारली नाही ती परतीच्या मालाचा हिशेब कसा ठेवणार? लेबलावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असेही होते. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि भाच्याचे गोदाम म्हणजे पत्र्याखालची खोली.

यादीत कोलॅजनची भुकटी व केसांसाठी गमीही होत्या. कोलॅजन हे जनावरांच्या कातडी-हाडांपासून किंवा मासळीपासून काढतात, गमीत बऱ्याचदा जिलेटिन असते. कोणत्या जनावराचे, कसे कापलेले, हे आमचे गिऱ्हाईक विचारणारच. अशा वस्तूंवर तपकिरी त्रिकोण असला की त्यात जनावराचा अंश आहे एवढे कळते, पुढचे कळत नाही. एजंटला विचारले. तो म्हणाला, सर स्वतः हेच घेतात. ‘सर’ म्हणजे नट. हलालचा दाखला म्हणून हे उत्तर आम्ही प्रथमच ऐकले.

आमचे स्वतःचे कारागीरही या धंद्यात आहेत, हे यानिमित्ताने नमूद करू. अत्तर, सुरमा, केसांची तेले बनविणारी घरे धुळे-जळगावात आहेत. जळगावला इकराचे, अक्कलकुव्याला जामियाचे युनानी महाविद्यालय आहे, शेजारी मालेगावला मन्सुऱ्याचे तिब्बिया कॉलेज आहे. तेथून निघालेले हकीम-डॉक्टर आणि हे कारागीर एकत्र बसले, रीतसर परवाना घेतला, बॅच नंबर व मुदत छापली तर गिऱ्हाईक दारातच आहे. त्याऐवजी आपल्यातील काही तरुण एखाद्या व्हिडिओवाल्या मुलाला वीस हजार देऊन तेलाच्या बाटलीवर त्याचा फोटो लावू पाहतात. परवान्याला खर्च येतो म्हणतात, फोटोला येत नाही काय?

शेवटी भाच्याने एजंटला सांगितले, “वीस बरण्या रोखीने द्या, अनामत न घेता. त्या किती दिवसांत जातात ते पाहून पुढचे बोलू.” एजंटने कागद गोळा केले. वरच्यांना विचारून कळवितो म्हणाला आणि आता मात्र त्याने चहा घेतला. त्याला आम्ही दोष देत नाही, त्यालाही महिन्याचा आकडा पूर्ण करावयाचा असतो.

त्याचा फोन अद्याप आलेला नाही. आग्रा रोडवरील एका मोठ्या दुकानावर त्या नटाचा बोर्ड लागल्याचे भाचा सांगतो. त्या दुकानदाराचे भले होवो, त्याचे गोदाम पक्क्या छपराचे आहे. आपाची रक्कम होती तेथेच आहे आणि हज कमिटीचे अर्ज कधी निघतात याची ती चौकशी करीत असते. ज्या फळीवर बरण्या मांडावयाच्या होत्या तेथे भाच्याने मेंदीचे कोन मांडले आहेत. लग्नसराईत ते दोन दिवसही पुरत नाहीत, असे तो परवा म्हणाला.